पाठमोरी

फ्रीमाँट,
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप प्रल्हादकाका,

इथूनच वाकून नमस्कार करते. काकूंनाही सांगा.

उद्या घट बसतील. काकूंच्या गुडघ्यांना खाली बसणं झेपायचं नाही, तेव्हा यंदा माळ तुम्हीच बांधा आणि त्यांना खुर्चीत बसून सूचना करू द्या. सूचना करायला त्यांना किती आवडतं हे मी तुम्हाला सांगायला नको. माझ्या ऑफिसातली हिमानी बुधवारी नागपूरला निघते आहे. तिच्यासोबत हे पत्र, काकूंचे गुडघ्याचे पट्टे आणि तुमच्यासाठी भाजलेले बदाम पाठवते आहे. बदाम तुमचे आहेत, ते पाहुण्यांसमोर ठेवू नका.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. काका, ऑगस्टात तुम्ही परत गेल्यापासून मी दर रविवारी फोन केला. दर रविवारी काकू म्हणाल्या, "ते पूजेला बसलेत गं." मागच्या खेपेला तर तुमच्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते. एवढी पूजा देवालाही सोसणार नाही. म्हणून म्हटलं, पत्र लिहू. छापील कागद हातात आला की तुम्ही किराण्याची पुडीसुद्धा उलगडून वाचता, मग सुनेचं पत्र वाचाल अशी आशा आहे.

इथलं सगळं ठीक. परीक्षितचं ऑफिस पुन्हा आठवडाभर सुरू झालंय, त्यामुळे तो फ्रीवेवर रोज वैतागतो आणि घरी येऊन तुम्ही लावून गेलेल्या कढीपत्त्याला पाणी घालत उभा राहतो. अमन पाचवीत गेला. अनिका ड्राइव्ह करायला शिकते आहे. मी शेजारच्या सीटवर बसून, नसलेला ब्रेक पायाने दाबत असते.

समुद्रावरचंही चालू आहे. तुम्ही विचारणार नाही, पण मी सांगते, कारण हे मी तुम्हाला नीट कधी सांगितलंच नव्हतं. तुम्ही आलात तेव्हा मला लाल जॅकेट घालून उभी पाहिलंत आणि "हे काय नवीन?" म्हणालात, आणि मी हसून पोळ्या लाटायला गेले.

आमच्या वर्ध्याला पोहणं म्हणजे मुलग्यांनी विहिरीत उड्या मारणं. मी काठावर बसून भावांचे कपडे सांभाळायची. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर. इथून तासाभरावर ते छोटं गाव आहे, तुम्ही पाहिलंत तेच. तिथे पगारी जीवरक्षक पुरत नाहीत, म्हणून लोकच शनिवार-रविवार किनाऱ्याची राखण करतात आणि मुलांनाही त्यात तयार करतात. अनिका अकरा वर्षांची असताना तिने हट्ट धरला. त्या स्वयंसेवकांच्या दलाची अट एकच, मूल आलं की आईबापांपैकी एकाने हातभार लावायचा. परीक्षितला बोटीत बसायच्या विचारानेच मळमळतं. मग उरले मी.

पहिली दोन वर्षं मी टेबलावर होते. येणाऱ्यांची नावं लिहायची, पोरांच्या नाकाला सनस्क्रीन फासायचं, सँडविच वाटायची. मला ते पसंत होतं. एका शनिवारी लहान मुलांच्या वर्गाला पाण्यात उभी राहणारी मोठी माणसं कमी पडली. मार्गो म्हणजे आमची कॅप्टन, साठीची, उंच, आवाज असा की सीगलसुद्धा बाजूला होतात. ती मला म्हणाली, तुला पोहता यायची गरज नाही, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहा आणि भिंत हो. मी लेगिंग आणि परीक्षितचा टीशर्ट घालून भिंत झाले. पाणी इतकं गार की आत घेतलेला श्वास बाहेर येईना. पण ती चिमुरडी पोरं लाटेबरोबर येऊन माझ्या पोटावर धडकत होती, खिदळत होती, आणि मी उभी होते. घरी येताना मी अनिकाला म्हटलं, मला पोहायला शिकव.

तिची शिकवणी कडक. हात चुकला की मी सॉरी म्हणायची, कुणी बाजूने पोहत गेलं की सॉरी, माझ्याच नाकात पाणी गेलं तरी सॉरी. "आई, यू डोन्ट हॅव टू से सॉरी टु द वॉटर," ती म्हणायची. काका, तुम्हाला माझी ही सवय ठाऊक आहे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत माझ्या हातून चहा सांडला, तेव्हा मी तुमची, काकूंची आणि बहुतेक कपबशीचीही माफी मागितली होती.

दलाच्या परीक्षेत पहिल्या वर्षी नापास झाले. दुसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या वसंतात, पास झाले. पोहून किनाऱ्याला लागणाऱ्यांत मी शेवटून दुसरी होते आणि शेवटचे गृहस्थ सत्तरीचे होते. तरी पास ते पास. अनिका लाल जॅकेट घेऊन काठावर उभी होती. तिने ते माझ्या खांद्यावर टाकलं आणि नुसती दात काढून हसत राहिली.

असो. बाकी विशेष नाही. अमनने तुम्हाला नवा बुद्धिबळाचा डाव कळवायला सांगितलाय, तो वेगळ्या कागदावर आहे. डिसेंबरात आम्ही चौघं तुमच्या पंचाहत्तरीला येतोच आहोत. तुम्ही काकूंना म्हणालात म्हणे, "त्यांना कामं असतात, कशाला यायचं." आमची तिकिटं झाली आहेत.

मंगळवार, २३ सप्टेंबर

पाकीट बंद करायच्या आधी रविवारचं वाचून पाहिलं. त्यात खोटं काही नाही, पण ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते मी लिहिलेलंच नाही.

परीक्षित म्हणतो, कशाला सांगतेस, काकांच्या जिवाला लागेल. म्हणूनच इतके दिवस आम्ही सगळे गप्प बसलो. पण न सांगितल्याने तुमच्या जिवाला जे लागलंय ते काही कमी नाही. तुम्ही परतीचं तिकीट आठवडाभर अलीकडे आणलंत, काकू एकट्या आहेत असं कारण दिलंत. विमानतळावर मी वाकले तर पाय मागे घेतलेत आणि म्हणालात, "राहू दे. तुला वेळ नसतो." तुम्ही रागाने बोलला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही ते अगदी हळू बोललात.

काका, आता मी सांगते, आणि तुम्ही शेवटपर्यंत वाचा. मध्येच चष्मा काढून ठेवू नका.

आधी आमचं काम कसं चालतं ते सांगते. त्या मचाणासारख्या लाकडी चौकीवर आम्ही दोघं-दोघं असतो. एकाची नजर पाण्यावर, दुसऱ्याने तेवढ्यात पाणी प्यायचं, खायचं, पाय मोकळे करायचे. थोड्या थोड्या वेळाने अदलाबदल. पण ज्याची नजर पाण्यावर आहे त्याने ती अशीच काढायची नसते. दुसरा येतो, पाण्याकडे बघतो आणि म्हणतो, "आय हॅव द वॉटर." पाणी आता माझ्याकडे. ते शब्द ऐकले की मगच पहिल्याने मान वळवायची. कुणी हाक मारली, कुणी पत्ता विचारला, तरी समोर बघतच उत्तर द्यायचं. पहिले काही महिने मला हे फार उद्धट वाटायचं.

तुम्ही पहिल्यांदा समुद्रावर आलात तो शनिवार आठवा. अनिका माझ्यासोबत होती. पाणी माझ्याकडे होतं. ती मागे बसून केळं खात होती. परीक्षितने तुम्हाला पार्किंगपासून वाळूतून हळूहळू चालवत आणलं आणि खालून हाक मारली, "नीलू, काका आलेत."

मी वळले. नुसती वळले नाही, पायऱ्या उतरून खाली आले, वाळूत वाकून तुम्हाला नमस्कार केला. तुम्ही डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "इथे पार्किंगला भलतेच पैसे घेतात." मी हसले. वडीलधारं माणूस एवढं चालत आलं आणि मी चौकीवर उंच बसून राहावं, हे माझ्या मनातही आलं नाही. अनिकाला "आता तू बघ" एवढंही मी म्हटलं नाही. तिला वाटलं, आई आहे.

मग शिट्टी वाजली. ती अनिकाची होती. केळं टाकून ती उडी मारून धावत सुटली.

किनाऱ्यावर आलेलं पाणी कधी कधी एका अरुंद वाटेने जोरात परत आत ओढलं जातं. वरून ती जागा उलट शांत दिसते, म्हणून लोक फसतात. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा त्यात सापडला होता. हातातली फळी सुटली होती. मी वर चढून पाहिलं तेव्हा नुसतं डोकं दिसत होतं, आणि एकदा तेही दिसेनासं झालं.

अनिका त्याच्याकडे पोहत होती. आणि नियम असा की एक पाण्यात गेला की दुसऱ्याने चौकी सोडायची नाही. बाकी पाण्यातही माणसं असतात. माझी पोर त्या ओढीत, आणि मला तिच्याकडेच बघत राहायची मुभा नाही. रेडिओवरून शेजारच्या चौकीला कळवलं, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं पाणी बघत राहिले. अनिकाचं डोकं दिसायचं, मग नजर पुढे न्यायची, मग पुन्हा अनिका. मला आयुष्यात इतकी भीती कधीच वाटली नव्हती.

तिने त्याला गाठलं. मदतीला फळी घेऊन दुसरा माणूस पोचला आणि तिघं बाजूने पोहत बाहेर आले. मुलगा खोकला, ओकला, आईला बिलगून रडला. त्याला काही झालं नाही, देवाची कृपा.

आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. "वा! काय छान सराव आहे पोरीचा." परीक्षितने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो काका, असं ट्रेनिंग असतं." जेवताना तुम्ही काकूंना फोनवर सगळं रंगवून सांगितलंत. आम्ही माना खाली घालून भात कालवत होतो.

काका, तो सराव नव्हता.

हे वाचून तुम्ही लगेच स्वतःला बोल लावाल. मी तुम्हाला ओळखते. परीक्षितचे आईवडील गेल्यावर त्याला वाढवताना, तो साधा सायकलवरून पडला तरी आपलंच चुकलं म्हणून तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात, असं काकू सांगतात. पण इथे तुमचं काही चुकलेलं नाही. तुम्ही सुनेला भेटायला आलात. पाणी माझ्याकडे होतं.

त्या संध्याकाळी मार्गोने सगळ्यांना बसवून विचारलं, "पाणी कुणाकडे होतं?" मी म्हटलं, माझ्याकडे. आणि मग माझी गाडी सुटली. सॉरी, फार फार सॉरी, आमच्यात मोठी माणसं आली की असं करतात, सॉरी. तिने मला थांबवलं. म्हणाली, "तुझं सॉरी मी घेतलं. आता सांग, ते पुन्हा आले तर काय करशील?" मी जन्मभर माफी मागत आले, पण त्यानंतरचं कुणी विचारलंच नव्हतं. तिने दोन वाटा दिल्या. परत टेबलावर जायचं, किंवा महिनाभर तिच्या देखरेखीखाली पुन्हा पहारा करून दाखवायचा.

मी मनातून टेबल निवडलं होतं. पण गाडी फ्रीवेला लागल्यावर अनिका म्हणाली, "आई, आय थॉट यू हॅड इट." मी म्हटलं, आजोबा आले होते गं. ती म्हणाली, "सो? यू कुड हॅव टोल्ड हिम, आजोबा, वन मिनिट. ही वुड हॅव वेटेड. आजोबा तर कोणासाठीही वेट करतात." आणि मग खिडकीकडे तोंड करून, "आय डोन्ट वॉन्ट टू बी अप देअर विथ समवन एल्स."

वडील माणसाला एक मिनिट थांबा म्हणता येतं, हे त्रेचाळीस वर्षांत मला सुचलं नव्हतं. आणि तुम्ही थांबला असता, हे तुमच्या नातीला माझ्याआधी कळलं होतं. मी टेबलावर गेले नाही.

पुढच्या शनिवारी तुम्ही पुन्हा आलात. या वेळी परीक्षितला गाडीतच ठेवून, थर्मास घेऊन एकटेच वाळूतून आलात. माझा देखरेखीचा पहिला दिवस होता. मार्गो मागे उभी होती. तुमची हाक ऐकू आली, आणि काका, माझी मान अर्धी वळलीही होती. तिथून मी ती परत आणली. समोर बघत म्हटलं, "काका, थोडं थांबा, मी पाण्यावर आहे." वारा होता. तुम्हाला ते ऐकू गेलं की नाही, मला आजही माहीत नाही.

तुम्ही माझ्या पाठीशी बोलत उभे राहिलात. चहात आलं घातलेलं होतं, मला वास येत होता. त्या ओढीच्या तोंडाशी दोन मुली एकमेकींवर पाणी उडवत उभ्या होत्या आणि एकेक पाऊल आत सरकत होत्या. मी शिट्टी वाजवून त्यांना बाजूला घेत होते. त्या निघाल्या की दुसरं कुणी. अदलाबदलीला माणूस येऊन "आय हॅव द वॉटर" म्हणाला तेव्हा मी वळले. तुम्ही नव्हता. थर्मास पायरीवर होता. अनिकाने नंतर सांगितलं की आजोबा चहाचा कप पुढे धरून उभे होते, चहा गार होईपर्यंत.

तुम्ही मागे बोलत होतात तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते पुसायला हात वर केला नाही. पाठीमागून तुम्हाला तेवढंही दिसलं नसेल.

महिनाभराचा पहारा मी पुरा केला. गेल्या शनिवारी याद्या लागल्या तेव्हा अनिकाने स्वतःहून माझ्या नावासमोर आपलं नाव लिहिलं. चौकीवर चढून ती माझ्या शेजारी उभी राहिली, समोर पाहिलं, म्हणाली, "आय हॅव द वॉटर, आई." आणि मी खाली उतरून वाळूत बसले आणि निवांत सँडविच खाल्लं. आईने मुलीवर आणि मुलीने आईवर असं विसंबून निर्धास्त असणं मला फार सुखाचं वाटलं. ऑफिसातही हल्ली मला मधेच कुणी तोडलं तर मी म्हणते, एक मिनिट, माझं संपू दे. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा हिमानीच्या हातातलं पेन पडलं.

आता एकच राहिलं, आणि तेच सगळ्यात अवघड आहे.

तुम्ही रुसलात ते मी चहा घेतला नाही म्हणून, असं घरातल्या सगळ्यांना वाटतं. परीक्षितलाही. पण मला सगळं ऐकू येत होतं, काका. पाठ होती तरी कान तुमच्याकडेच होते. तुम्ही आधी म्हणालात, आज पार्किंग लांब मिळालं. मग म्हणालात, साखर कमी घातली आहे. मग कपात चहा ओतल्याचा आवाज आला. मग म्हणालात, "नीलांबरी, तू या घरात आलीस तेव्हा कुणी हाक मारली तरी दचकायचीस. आज इथे कशी उभी आहेस. वहिनीने हे बघायला हवं होतं."

आणि मी काहीतरी म्हणेन म्हणून तुम्ही थांबलात. त्याच वेळी त्या दोन मुली पुन्हा आत सरकल्या, आणि मी शिट्टी वाजवली.

अठरा वर्षांत तुम्ही माझ्याशी असं कधी बोलला नव्हता. त्याला उत्तर म्हणून तुम्हाला शिट्टी ऐकू आली. माझ्याशी कुणी असं केलं असतं तर मीही पूजेला बसले असते.

उत्तर आज देते. सासूबाईंना मी पाहिलेलं नाही. या घरात आपलं काही चांगलं झालं तर ते कुणी पाहावं असं मला वाटायचं, ते तुम्हीच होता. तुम्ही पाहिलंत आणि बोलूनही दाखवलंत. ते वाक्य घेऊन मी तो सगळा महिना तिथे उभी राहिले.

डिसेंबरात तुमच्या पंचाहत्तरीला घरी पोटभर पाया पडेन, पाय मागे घेऊ नका. आणि पुढच्या उन्हाळ्यात इकडे या, काकूंनाही आणा. समुद्रावर या. मी पाण्यावर असले तर वळणार नाही, हे आधीच सांगते. तुम्ही तरीही बोलत राहा. मला ऐकायचं असतं.

तुमची, तुमच्याकडे पाठ करून तुमचाच शब्द ऐकत उभी असलेली,
नीलांबरी